विश्लेषण : कुष्ठरोगावर लस शोधण्याच्या वाटेवर डॉ. कमल रणदिवे यांनी नेमके काय केले?

चोपडा तालुक्यात अडावदजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेव आहे. तिथे गरम पाण्याचा झरा आहे. शरभंग ऋषींना कातडीचा रोग जडला, तेव्हा श्रीरामाने बाण मारून त्यांच्यासाठी हा झरा काढला, अशी कथा या भागात सांगितली जाते. अंगावर चट्टा उठला किंवा जखम भरेना, की उनपदेवला जाऊन अंघोळ करून यायची, असे मानणारी माणसे आजही भेटतात. श्रद्धेबद्दल वाद नाही. मात्र कातडीच्या एका आजारात हे गरम पाणीच घात करू शकते. तो आजार म्हणजे कुष्ठरोग, जुन्या माणसांच्या भाषेत महारोग किंवा रक्तपिती. या आजारात हातापायांची जाणीव जाते. पाणी किती गरम आहे हे कळत नाही, पाय भाजतो, फोड फुटतो आणि तिथे महिनोन् महिने न भरणारा व्रण पडतो.

या आजारावर माणसाच्या शरीरातील प्रतिकारशक्तीलाच औषध म्हणून वापरता येईल का, या प्रश्नाचा एक मोठा अध्याय मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत लिहिला गेला. त्याची सुरुवात करणाऱ्यांमध्ये पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे होत्या. कर्करोग संशोधक म्हणून त्यांचे नाव अनेकांना माहीत आहे, पण कुष्ठरोगातील त्यांचे काम तितके माहीत नाही. ते काम काय होते, त्यावर वाद का झाला आणि चोपड्यातील रुग्णाला त्याचा आज काय उपयोग, हे समजून घेऊ.

कुष्ठरोगात व्रण का पडतात?

सर्वात मोठा गैरसमज असा, की कुष्ठरोगाचा जिवाणू मांस खातो आणि बोटे झडतात. तसे होत नाही. हा जिवाणू त्वचेत आणि त्वचेखालच्या चेतांमध्ये, म्हणजे नसांमध्ये राहतो. नस खराब झाली की त्या भागाला ऊन, थंड, टोचणे, दुखणे काहीच कळत नाही. कापसाच्या शेतात अनवाणी चालताना पायात काटा रुतला, चुलीवरचे भांडे उचलताना बोट भाजले, चपलेचा खिळा टाचेत घुसला, तरी माणूस काम करतच राहतो. दुखत नाही म्हणून जखमेला विश्रांती मिळत नाही. ती चिघळते, हाडापर्यंत जाते आणि हाड झिजून बोट आखूड होते. म्हणजे व्रणाचे मूळ कारण बधिरपणा आहे.

दुसऱ्या प्रकारचे व्रण प्रतिकारशक्तीच्या उलट्या झटक्यामुळे होतात. उपचार सुरू असताना किंवा संपल्यावरही काही रुग्णांमध्ये शरीर जिवाणूंच्या अवशेषांवर एकदम तुटून पडते. ताप येतो, अंगावर लाल दुखऱ्या गाठी उठतात, नसा सुजतात. क्वचित या गाठी फुटून व्रण होतात. डॉक्टर याला रिअॅक्शन म्हणतात. म्हणजे या आजारात प्रतिकारशक्ती कमी पडली तरी नुकसान होते आणि बेभान झाली तरी नुकसान होते. रणदिवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे काम समजण्यासाठी ही दुहेरी गोष्ट लक्षात ठेवावी लागेल.

कमल समर्थ ते डॉ. कमल रणदिवे

कमल समर्थ यांचा जन्म पुण्यात ८ नोव्हेंबर १९१७ रोजी झाला. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. मुलांइतकेच मुलींनीही शिकले पाहिजे, असे मानणारे ते घर होते. कमल यांचे शालेय शिक्षण हुजूरपागेत झाले. मुलीने डॉक्टर व्हावे, डॉक्टरशीच लग्न करावे, अशी वडिलांची इच्छा होती. यातले काहीच झाले नाही. कमल यांनी फर्ग्युसनमधून वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेऊन पदवी मिळवली आणि १९३९ मध्ये गणितज्ज्ञ ज. त्रिं. रणदिवे यांच्याशी विवाह केला.

पदव्युत्तर अभ्यासासाठी त्यांनी सीताफळाच्या कुळातील वनस्पतींची गुणसूत्रे हा विषय घेतला होता. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून १९४३ मध्ये त्यांनी एम.एस्सी. पूर्ण केले. लग्नानंतर मुंबईत आल्यावर परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात त्यांना काम मिळाले. हे रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले होते, त्यामुळे तिथले सारे काही नवे होते. तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतातील रोगनिदानशास्त्राचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख होतो. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली रणदिवे यांनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली.

सीताफळाच्या पेशीपासून कर्करोगाच्या पेशीपर्यंतचा हा प्रवास वाटतो तितका लांबचा नाही. दोन्हीकडे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी न्याहाळायची असते. पुढची पायरी होती ती पेशी शरीराबाहेर जिवंत ठेवण्याची.

बाल्टिमोरहून त्यांनी काय आणले?

पीएच.डी.नंतर रणदिवे अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. माणसाच्या पेशी काचेच्या नळीत वाढवण्यात गाय यांचा हातखंडा होता. जगभर आजही वापरल्या जाणाऱ्या हेला पेशी १९५१ मध्ये याच प्रयोगशाळेत वाढवल्या गेल्या. हेन्रिएटा लॅक्स या कर्करोगग्रस्त महिलेच्या शरीरातून त्या घेतल्या होत्या.

तिथे राहून संशोधन करण्याचा पर्याय असतानाही रणदिवे परतल्या. मुंबईत त्यांनी पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. देशात या तंत्राची ती पहिल्या काही प्रयोगशाळांपैकी होती. पेशी वाढवायच्या म्हणजे त्यांना योग्य खाद्य, योग्य तापमान आणि निर्जंतुक वातावरण अखंड पुरवावे लागते. हवेतला एक बुरशीचा कण पडला तरी आठवड्यांची मेहनत वाया जाते.

या प्रयोगशाळेच्या जोरावर त्यांनी स्तनांच्या कर्करोगावर उंदरांमध्ये मूलभूत काम केले. आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा या कर्करोगाशी काय संबंध आहे, हे तपासणाऱ्या भारतातील पहिल्या संशोधकांमध्ये त्यांची गणना होते. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर या संस्थेत त्या काम करत होत्या. याच संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून कुष्ठरोगाच्या कथेतील एका जिवाणूचे नाव पडले.

कर्करोगाच्या प्रयोगशाळेत कुष्ठरोग कसा आला?

याचे उत्तर डॉ. खानोलकर यांच्यात आहे. कुष्ठरोगाच्या अगदी सुरुवातीच्या चट्ट्यांतील ऊती तपासताना त्यांचे लक्ष नसांकडे गेले. बाहेर फारसे काही दिसत नसताना जिवाणू बारीक नसांमध्ये शिरलेला असतो, असे त्यांच्या अभ्यासातून पुढे आले. हा फक्त कातडीचा आजार नाही, तो नसांचाही आजार आहे, ही समज पक्की होण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

इथे जुने कोडे समोर उभे होते. नॉर्वेत बर्गन येथे डॉ. गेरहार्ड हॅन्सन यांनी कुष्ठरोगाचा जिवाणू १८७३ मध्ये पाहिला. क्षयाचा जिवाणू त्यानंतर सापडला, पण तो प्रयोगशाळेत वाढवता आला. हॅन्सन यांचा जिवाणू मात्र कोणालाच वाढवता येईना. जिवाणू वाढवता आला नाही तर त्यावर औषध तपासता येत नाही आणि लसही करता येत नाही. लाखो रुग्ण असलेल्या भारतासाठी हे फार अडचणीचे होते.

खानोलकर आणि रणदिवे यांच्यापुढे एक सरळ विचार होता. जिवाणूला नसा आवडतात ना, मग त्याला चेतापेशींच्याच सोबतीने वाढवून पाहायचे. पेशीसंवर्धनाचे तंत्र रणदिवे यांच्या हाती होतेच. त्यांनी आणि सी. व्ही. बापट यांनी मानवी चेतापेशींच्या संवर्धनाचा आधार घेऊन, तीव्र कुष्ठरोग असलेल्या रुग्णाच्या गाठीतील जिवाणू वाढवण्याचा प्रयत्न केला. १९५८ मध्ये त्यांच्या हाती काचेत वाढणारा एक जिवाणू आला. त्याला आयसीआरसी जिवाणू असे नाव मिळाले.

या कामासाठी रणदिवे यांना १९६४ मध्ये सूक्ष्मजीवशास्त्रातील वाटुमल फाउंडेशनचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाचा पहिला रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कारही त्यांना मिळाला.

तो खरोखर कुष्ठरोगाचा जिवाणू होता का?

नव्हता. या कथेतला हा सर्वात महत्त्वाचा भाग आहे.

जगातील तज्ज्ञांनी सुरुवातीपासून शंका घेतली होती. कुष्ठरोगाचा खरा जिवाणू अतिशय संथ आहे. तो एकाचे दोन व्हायला सुमारे १२ ते १४ दिवस घेतो. काचेत बऱ्यापैकी वाढणारा जिवाणू तोच असेल यावर विश्वास बसणे कठीण होते. दरम्यान १९६० मध्ये उंदराच्या तळपायात आणि १९७१ मध्ये आर्माडिलो या प्राण्याच्या शरीरात खरा जिवाणू वाढवण्यात अमेरिकेतील संशोधकांना यश आले. पुढे झालेल्या तपासण्यांत आयसीआरसी हा मायकोबॅक्टेरियम एव्हियम गटातला, म्हणजे कुष्ठरोगाच्या जिवाणूचा नातेवाईक असलेला दुसराच जिवाणू असल्याचे दिसले.

खरा जिवाणू आजही कोणत्याही कृत्रिम माध्यमात वाढवता आलेला नाही. त्याचे कारण २००१ मध्ये त्याचा संपूर्ण जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला तेव्हा स्पष्ट झाले. या जिवाणूने उत्क्रांतीच्या ओघात आपली बरीच जनुके गमावली आहेत किंवा ती निकामी झाली आहेत. दुसऱ्याच्या घरात राहून राहून स्वतःची चूल मोडून टाकलेल्या पाहुण्यासारखी त्याची गत आहे. जिवंत पेशीच्या बाहेर त्याला वाढताच येत नाही.

मग रणदिवे यांचे काम वाया गेले का? तसे झाले नाही. ज्या गुणामुळे आयसीआरसी खरा जिवाणू ठरला नाही, तोच गुण लसीसाठी कामाचा ठरला. तो काचेत वाढतो, म्हणजे हवा तेवढा तयार करता येतो. आणि नातेवाईक असल्यामुळे त्याची काही प्रथिने कुष्ठरोगाच्या जिवाणूशी मिळतीजुळती आहेत.

प्रतिकारशक्तीला शिकवायचे म्हणजे काय?

कुष्ठरोगाच्या जिवाणूशी संपर्क आलेल्या बहुसंख्य लोकांना हा आजार होतच नाही. त्यांची प्रतिकारशक्ती त्याला ओळखते आणि संपवते. ज्यांना होतो, त्यांच्यात दोन टोके दिसतात. एका टोकाला मोजके चट्टे असतात आणि जिवाणू फार थोडे. इथे प्रतिकारशक्ती लढत असते. दुसऱ्या टोकाला सर्वांगावर गाठी असतात आणि जिवाणूंची संख्या प्रचंड. इथे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी या एकाच जिवाणूकडे जणू डोळेझाक करतात. बाकीच्या रोगजंतूंशी त्या नीट लढतात, फक्त याला ओळखत नाहीत.

हे तपासण्यासाठी लेप्रोमिन चाचणी वापरली जाते. मेलेल्या जिवाणूंचा अंश कातडीत टोचला जातो आणि काही आठवड्यांनी तिथे गाठ येते का ते पाहिले जाते. गाठ आली तर शरीर जिवाणूला ओळखते. तीव्र प्रकारच्या रुग्णांत ही गाठ येत नाही.

मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेत डॉ. माधव देव, बापट आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस आयसीआरसी जिवाणू पुन्हा हाती घेतला. गॅमा किरणांनी तो मारून त्यांनी लस तयार केली. कल्पना अशी, की खरा चोर ओळखू न येणाऱ्या पहारेकऱ्याला त्याच्या भावाचा चेहरा दाखवायचा. भावाचा चेहरा लक्षात राहिला तर चोरही ओळखू येईल. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ही लस तीव्र कुष्ठरोग असलेल्या रुग्णांना टोचून पाहण्यात आली. आधी ज्यांच्या कातडीत लेप्रोमिनची गाठ येत नव्हती अशा अनेक रुग्णांत ती येऊ लागली. म्हणजे डोळेझाक करणाऱ्या पेशी जाग्या झाल्या होत्या. रोग झाल्यानंतर प्रतिकारशक्तीला कामाला लावण्याच्या या उपचारपद्धतीला इम्युनोथेरपी म्हणतात. कर्करोगाच्या संदर्भात हा शब्द आता वारंवार कानावर पडतो.

मोठ्या चाचणीत काय निष्पन्न झाले?

लस रोग टाळू शकते का, हे तपासायला हजारो नव्हे तर लाखो लोक लागतात, कारण हा आजार अंगात शिरल्यावर दिसायला सरासरी पाच वर्षे घेतो. कधी २० वर्षेही लागतात. तमिळनाडूत चेंगलपट्टूच्या परिसरात डॉ. एम. डी. गुप्ते यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये मोठी तुलनात्मक चाचणी सुरू झाली. सुमारे १,७१,००० लोक त्यात सहभागी झाले. चार लसींची तुलना करण्यात आली आणि निकाल १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले.

आयसीआरसी लसीने ६५.५ टक्के संरक्षण दिले. बीसीजी आणि कुष्ठरोगाचे मृत जिवाणू यांच्या मिश्रणाने ६४ टक्के, एकट्या बीसीजीने ३४.१ टक्के आणि मायकोबॅक्टेरियम डब्ल्यू या चौथ्या लसीने २५.७ टक्के संरक्षण दिले. परळच्या प्रयोगशाळेत ४० वर्षांपूर्वी सापडलेला आणि खरा नाही म्हणून बाजूला पडू शकला असता असा जिवाणू पहिला आला होता. तेव्हा रणदिवे ८० वर्षांच्या होत्या.

मग ही लस दवाखान्यात का मिळत नाही?

कारण दरम्यान गोळ्यांनी बाजी मारली होती. जागतिक आरोग्य संघटनेने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन ही औषधे एकत्र देण्याची शिफारस केली. हीच बहुविध औषधोपचार पद्धती, म्हणजे एमडीटी. पूर्वी वर्षानुवर्षे चालणारा उपचार सहा किंवा बारा महिन्यांवर आला. रुग्णसंख्या झपाट्याने घटली. २००५ च्या अखेरीस भारतात दहा हजार लोकांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, हे राष्ट्रीय उद्दिष्ट गाठले गेले. रुग्ण कमी झाल्यावर सर्वांना लस टोचण्याचा कार्यक्रम मागे पडला.

तरी इम्युनोथेरपीची वाट बंद झाली नाही. चाचणीत चौथी ठरलेली मायकोबॅक्टेरियम डब्ल्यू ही लस दिल्लीत डॉ. गुरसरण प्राण तलवार यांच्या गटाने विकसित केली होती. रोग टाळण्यापेक्षा उपचारातली जोड म्हणून तिचा उपयोग अधिक दिसला आणि भारतात तिला त्यासाठी मान्यता मिळाली. तलवार यांच्या सन्मानार्थ या जिवाणूचे नाव पुढे मायकोबॅक्टेरियम इंडिकस प्राणी असे ठेवण्यात आले.

रिअॅक्शनच्या व्रणांसाठी मात्र उलटी दिशा धरावी लागते. तिथे प्रतिकारशक्ती वाढवायची नसते, शांत करायची असते. त्यासाठी स्टिरॉइड आणि काही रुग्णांत थॅलिडोमाइड वापरतात. थॅलिडोमाइडमुळे गर्भात गंभीर व्यंग येते, म्हणून गर्भधारणेची शक्यता असलेल्या महिलांबाबत कमालीची काळजी घ्यावी लागते. ही औषधे स्वतःच्या मनाने घ्यायची नसतात आणि मध्येच सोडायचीही नसतात.

प्रयोगशाळेबाहेरच्या रणदिवे

१९६६ ते १९७० या काळात रणदिवे यांनी संस्थेच्या प्रभारी संचालक म्हणून काम पाहिले. संशोधन करणाऱ्या बायकांच्या अडचणी त्या जवळून पाहत होत्या. मूल लहान आहे म्हणून प्रयोग अर्धवट सोडणे, परगावी राहायची सोय नाही म्हणून संधी नाकारणे, हे त्या काळी नित्याचे होते. १९७३ मध्ये सहकारी महिलांसोबत त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. नवी मुंबईत वाशी येथे या संघटनेचे केंद्र आहे. तिथे नोकरदार महिलांचे वसतिगृह आणि पाळणाघरही उभे राहिले. विज्ञान म्हणजे फक्त सूक्ष्मदर्शक नाही, पाळणाघरही त्याचाच भाग आहे, हे त्यांनी कृतीतून दाखवले.

पुढे त्या अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास करण्यासाठी गेल्या. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. ११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले. कुष्ठरोगाच्या जिवाणूचा जनुकीय आराखडा त्याच वर्षी फेब्रुवारीत प्रसिद्ध झाला होता. ज्या कोड्यावर त्यांनी पन्नाशीच्या दशकात हात घातला, त्याचे उत्तर त्यांच्या अखेरच्या दिवसांत जगाला मिळाले.

२०२१ मध्ये त्यांच्या जन्मदिनी गुगलने त्यांचे डूडल केले, तेव्हा अनेक तरुण मराठी वाचकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकले.

चोपड्यातील वाचकाने यातून काय घ्यावे?

पहिली गोष्ट, कुष्ठरोग संपलेला नाही. सरकारी शोधमोहिमेत आशाताई दारात येऊन अंगावर चट्टा आहे का विचारतात, तेव्हा लाजून किंवा रागावून नाही म्हणू नका. फिकट किंवा लालसर चट्टा, ज्याला खाज नाही, दुखत नाही आणि ज्यावर स्पर्श कळत नाही, तो दाखवलाच पाहिजे. हातापायाला मुंग्या येणे, बोटांतली ताकद जाणे, चप्पल पायातून निसटली तरी न कळणे, हीही लक्षणे आहेत. तपासणी आणि एमडीटी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळते. उपचार सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रुग्णापासून इतरांना लागण होण्याची शक्यता जवळजवळ संपते. घरातल्या आणि शेजारच्या संपर्कातील लोकांना रिफाम्पिसिनचा एक डोसही दिला जातो.

दुसरी गोष्ट, बधिर पायाला गरम पाणी लावू नका. उनपदेवला दर्शनाला जरूर जा, पण पायाला स्पर्श कळत नसेल तर झऱ्यात पाय सोडू नका. पाणी किती गरम आहे, हे घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी पाहू द्या. रोज साध्या पाण्यात पाय भिजवा, तेल लावा, रात्री झोपण्याआधी तळपाय नीट न्याहाळा. मऊ रबराची एमसीआर चप्पल आरोग्य विभागाकडून मागून घ्या आणि शेतातही घाला.

तिसरी गोष्ट, उपचार पूर्ण झाल्यावर ताप, दुखऱ्या गाठी किंवा नसांचा ठणका सुरू झाला तर रोग उलटला असे समजून घरी बसू नका. ती रिअॅक्शन असू शकते आणि वेळेत औषध मिळाले तर नस वाचते. नस वाचली तर हातपायही वाचतो.

आणि शेवटची गोष्ट कायद्याची. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण राहिलेले नाही. कायद्याने जे सोडले, ते गावकीने आणि भावकीने धरून ठेवण्यात अर्थ नाही.